ज्वरित रुग्णाची दृक्-परीक्षा : सार्वदैहिक संक्रमणाच्या निदानात नेत्रांचे साहाय्य

प्रस्तावना

दर्शन, स्पर्शन व प्रश्न हे रुग्णपरीक्षेचे तीन मार्ग आपणा सर्वांस परिचित आहेत. योगरत्नाकराने वर्णिलेल्या अष्टविध परीक्षेतही नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द व स्पर्श यांच्या पाठोपाठ दृक् आणि आकृती यांची गणना केलेली आहे. तथापि दैनंदिन व्यवसायात नाडी व जिव्हा यांच्या वाट्याला जेवढा वेळ येतो तेवढा नेत्रांच्या वाट्याला येत नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करावयास हवे. खालची पापणी ओढून पांडुता पाहणे आणि शुक्लभागी पीतता आहे की नाही हे पाहणे, एवढ्यावरच बहुधा आपली दृक्-परीक्षा संपते.

ज्वर घेऊन येणाऱ्या रुग्णात मात्र ही परीक्षा थोडी अधिक नेटाने केली, तर तीन प्रश्नांची उत्तरे मिळण्यास मोठे साहाय्य होते. हा ज्वर साधा आहे की सर्वशरीरव्यापी संक्रमणाचा? संक्रमणाचा असल्यास संशय कोणत्या व्याधीचा घ्यावा? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हा रुग्ण आपल्या चिकित्सालयात ठेवावा की आजच मोठ्या रुग्णालयात पाठवावा? यासाठी लागणारी साधने म्हणजे दिवसाचा उजेड, एक चांगली टॉर्च, स्वच्छ हात आणि तीन-चार मिनिटांचा वेळ. प्रस्तुत लेखात या परीक्षेची पद्धती व तिच्या मर्यादा यांचा व्यवहारोपयोगी विचार केला आहे.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सन्निपात ज्वराची लक्षणे सांगताना नेत्रांतील स्राव, गढूळपणा, लाली आणि वक्रता यांचा स्पष्ट उल्लेख येतो. कामलेत नेत्र हळदीप्रमाणे पिवळे होतात हे तर प्रत्येक विद्यार्थ्यास मुखोद्गत असते. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात नेत्राची पाच मंडले सांगितली : पक्ष्म, वर्त्म, श्वेत, कृष्ण आणि दृष्टी. बाहेरून आत जाणारा हा क्रम आजही परीक्षेसाठी अत्यंत सोयीचा आहे. पुढील विवेचनात तोच स्वीकारला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. लेप्टोस्पायरा अथवा मलेरियाचा परजीवी यांची नावे संहितांत शोधण्याचा हा प्रयत्न नाही. ज्वराची तीव्रता नेत्रांत उमटते हे निरीक्षण आपल्या परंपरेत आहेच. त्या निरीक्षणास आजच्या ज्ञानाची जोड द्यावी, एवढाच येथे हेतू आहे.

एक रुग्णवृत्त

२०२३ च्या जुलै-ऑगस्ट महिन्यांत महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ होती. त्या काळात भातलावणी करणारा सुमारे पस्तीस वर्षांचा एक शेतकरी तीन दिवसांचा ज्वर, अंगदुखी आणि लाल डोळे घेऊन माझ्याकडे आला. बाहेर बसलेल्या दहा रुग्णांपैकी सहा जणांचे डोळे लाल होते. मी त्याचे डोळे दुरूनच पाहिले, ज्वरघ्न औषधे दिली आणि डोळे स्वच्छ ठेवण्यास सांगून त्यास घरी पाठविले. जाताना तो म्हणाला होता, "डोळ्यांत खुपत काहीच नाही डॉक्टर, पोटऱ्या मात्र धरल्यात." हे वाक्य मी ऐकले, परंतु त्याचा अर्थ लावला नाही.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला तेव्हा डोळे लालही होते आणि पिवळेही. पोटऱ्यांना हात लावू देत नव्हता. आदल्या रात्रीपासून मूत्रप्रवृत्ती अत्यल्प होती. त्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठविले. निदान लेप्टोस्पायरोसिसचे झाले, डायलिसिस करावे लागले आणि तीन आठवड्यांनी तो बरा होऊन घरी परतला. त्याच्या पत्नीने नंतर एवढेच विचारले, "डॉक्टर, परवाच सांगितलं असतंत तर?" या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते. पहिल्या दिवशीच त्याच्या डोळ्यांजवळ टॉर्च नेली असती, तर चिपडांविना, टोचणीविना असलेली ती लाली दिसली असती. हा लेख लिहिण्यास तो प्रश्न कारणीभूत आहे.

परीक्षेची पद्धती

रुग्णास खिडकीकडे तोंड करून बसवावे. पिवळ्या दिव्याच्या प्रकाशात सौम्य कामला हमखास निसटते, म्हणून पीतता नेहमी दिवसाच्या उजेडात पाहावी. प्रथम हाताच्या अंतरावरून दोन्ही नेत्रांची तुलना करावी. नंतर पापण्या, त्यानंतर खालची पापणी ओढून व वरची उलटवून आतील आवरण, मग शुक्लभाग, कृष्णभाग, बाहुली, नेत्रगोलांच्या हालचाली आणि शेवटी प्रत्येक डोळ्याची दृष्टी, असा क्रम ठेवावा. दृष्टी पाहण्यासाठी दुसरा डोळा झाकून बोटे मोजावयास सांगणे पुरेसे आहे. परीक्षेपूर्वी व नंतर हात धुणे अनिवार्य समजावे. साथीच्या दिवसांत वैद्याच्या हातूनच रोग पसरण्याचा धोका असतो.

पक्ष्म व वर्त्म मंडल

ज्वरासह पापण्यांवर शोथ असल्यास तीन गोष्टी पाहाव्यात : नेत्रगोल पुढे आला आहे काय, त्याची हालचाल मर्यादित झाली आहे काय आणि दृष्टी कमी झाली आहे काय. यांपैकी एक जरी असेल, तरी शोथ केवळ पापणीचा नसून नेत्रगुहेचा आहे असे मानावे. नाकावरील अथवा वरच्या ओठावरील पुटकुळी पिळल्यानंतर ज्वर, तीव्र शिरःशूल व पापण्यांचा शोथ उत्पन्न झाला आणि एका डोळ्याचा शोथ दुसऱ्या डोळ्यात उतरू लागला, तर कॅव्हर्नस सायनसमध्ये रक्ताची गुठळी झाल्याचा संशय घ्यावा. हा प्राणघातक विकार आहे.

२०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे अनेक रुग्ण आपल्या राज्यात आढळले. मधुमेही रुग्णात गालाचा बधिरपणा, एका बाजूची नाक व चेहऱ्याची वेदना, पापणी खाली पडणे, दुहेरी दिसणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे होती. कोविडची लाट ओसरली, तरी अनियंत्रित मधुमेह गेलेला नाही. म्हणून ही लक्षणे विसरून चालणार नाहीत.

कपाळावर व पापणीवर एकाच बाजूस नागीण उठली असेल, तर नाकाच्या शेंड्याकडे अवश्य पाहावे. तेथे फोड असल्यास नेत्रगोल बाधित होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. तरुण रुग्णात अशी नागीण दिसल्यास एचआयव्ही तपासणीचा सल्ला द्यावा.

श्वेत मंडल

ज्वरित रुग्णातील सर्वाधिक माहिती या मंडलात मिळते. नेत्रांची लाली ही एकच गोष्ट नसून तिचे निदान पाच प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत.

(१) डोळे येणे : चिपडे अथवा पाणी, सकाळी पापण्या चिकटणे, वाळू गेल्यासारखी टोचणी. लाली पापण्यांच्या आतील बाजूस अधिक. बहुधा एका डोळ्यात आरंभ होऊन मग दुसऱ्यात.

(२) स्रावरहित लाली : दोन्ही डोळ्यांतील रक्तवाहिन्या विस्फारलेल्या, परंतु चिपडे नाहीत, टोचणी नाही. हे लेप्टोस्पायरोसिसचे महत्त्वपूर्ण चिन्ह आहे. फेन यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या निदाननिकषांत या लक्षणास ४ गुण आहेत, तर कामलेस केवळ १ गुण आहे. म्हणजे ज्या पीततेची आपण वाट पाहत बसतो, तिच्यापेक्षा ही लाली निदानदृष्ट्या अधिक मोलाची आहे. पोटऱ्यांचा तीव्र शूल आणि शेतातील चिखल, पुराचे पाणी अथवा गुरांचा गोठा यांच्याशी आलेला संबंध, हे सोबत असल्यास संशय दृढ करावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, हे स्मरणात असावे. स्क्रब टायफसमध्येही अशी लाली आढळते; तेथे काख, जांघ, कमरपट्ट्याची जागा यांवर काळ्या खपलीचा व्रण शोधावा. डेंग्यूच्या आरंभीही डोळे व चेहरा लालसर दिसतात, म्हणून केवळ लालीवरून व्याधी ठरवू नये.

(३) कृष्णमंडलाभोवतीची लाली : बुबुळाच्या कडेला गडद, बाहेर जाताना फिकट. सोबत वेदना, प्रकाश असह्य होणे व दृष्टिमांद्य. ही नेत्राच्या आतील शोथाची खूण होय. क्षय, फिरंग, कुष्ठ यांत ती दिसू शकते. लेप्टोस्पायरोसिस बरा झाल्यावर काही आठवड्यांनी वा महिन्यांनीही असा शोथ येतो. दक्षिण भारतात १९९३ च्या अतिवृष्टीनंतर मदुराई परिसरात १९९४ साली अशा नेत्रशोथाचे अनेक रुग्ण आढळल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात प्रसिद्ध आहे. पावसाळ्यातील ज्वराचा इतिहास म्हणूनच हिवाळ्यातील नेत्ररुग्णासही विचारावा.

(४) रक्ताचा पसरलेला डाग : काठ स्पष्ट, वेदनारहित. डांग्या खोकला, उच्च रक्तदाब यांतही तो दिसतो. परंतु डेंग्यूच्या दिवसांत ज्वरासह दिसल्यास हिरड्या, त्वचा व मल यांतील रक्तस्राव पाहून प्लेटलेट तपासावेत.

(५) सूक्ष्म रक्तबिंदू : पापणी उलटवल्यावर आतील आवरणावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. दीर्घकाल रेंगाळणारा ज्वर, पांडुता, हृदयाच्या झडपेचा जुना विकार आणि हे बिंदू एकत्र आढळल्यास हृदयाच्या अंतःस्तराच्या संक्रमणाचा, म्हणजे एंडोकार्डायटिसचा संशय घ्यावा. अशा रुग्णास अँटिबायोटिक देण्यापूर्वी रक्ताचे कल्चर घेणे आवश्यक असते. दोन-तीन दिवसांची अर्धवट औषधयोजना कल्चर निष्फळ करू शकते, म्हणून येथे आपला संयमही चिकित्सेचाच भाग ठरतो.

पीततेविषयी एक सूचना. सामान्य विषाणुजन्य कामलेत पीतता प्रकट होईपर्यंत ज्वर बहुधा उतरलेला असतो. पीतता असूनही ज्वर कायम असेल, तर लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया, पित्तमार्गाचे संक्रमण यांचा विचार झालाच पाहिजे. अशा रुग्णास कावीळ 'उतरवून' घेण्यासाठी गावोगाव फिरविण्यात जे दिवस जातात, ते वृक्कांना महागात पडतात. नातेवाइकांना हे समजावून सांगणे आपल्याइतके दुसऱ्या कोणास शक्य नाही, कारण ते प्रथम आपल्याकडेच येतात.

बालकांत ज्वर, खोकला, सर्दी यांसह पाणावलेले लाल डोळे व प्रकाशद्वेष असल्यास गोवराचा विचार करावा आणि गालाच्या आतील बाजूस पांढरे कण पाहावेत. २०२२ च्या उत्तरार्धात मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला होता. गोवराच्या रुग्णास जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार जीवनसत्त्व अ लागोपाठ दोन दिवस दिले जाते. एक वर्षावरील बालकात त्याची मात्रा प्रत्येक वेळी २ लाख युनिट आहे. कुपोषित बालकाची दृष्टी त्यामुळे वाचू शकते.

कृष्ण मंडल व बाहुली

कृष्णमंडलाच्या काठावर लहान पांढुरकी पुटकुळी व तिच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दिसल्यास, विशेषतः कृश बालकात, क्षयाची चौकशी करावी; घरात दीर्घकाल खोकणारे कोणी आहे काय हे विचारावे. मात्र इतर जंतूंमुळेही अशी पुटकुळी येते.

बाहुल्यांचा आकार, समानता व प्रकाशास प्रतिसाद हे तीन्ही पाहून लिहून ठेवावेत. बेशुद्धावस्थेकडे झुकणाऱ्या ज्वरित रुग्णात एक बाहुली मोठी होणे ही मेंदूवरील दाब वाढल्याची धोक्याची सूचना आहे. नेत्रगोल बाहेरच्या कोनाकडे न वळणे हे क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथात आढळणारे चिन्ह आहे. कित्येक दिवसांचा मंद ज्वर, वांती, शिरःशूल व स्वभावातील बदल यांसह ते दिसल्यास विलंब करू नये.

प्रत्येक प्रलाप हा संक्रमणाचा नसतो, हेही बाहुल्याच सांगतात. तप्त व कोरडी त्वचा, प्रलाप आणि अतिविस्फारित बाहुल्या असल्यास धत्तूरविषाचा विचार करावा. फवारणी करून आलेल्या शेतमजुरात टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, लाळ व घाम असल्यास कीटकनाशकाची विषबाधा समजून धावपळ करावी.

दृष्टिमंडलाच्या आत

हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोप जगापुढे आणला आणि जिवंत शरीरातील रक्तवाहिन्या व मज्जातंतू प्रत्यक्ष पाहण्याची सोय झाली. हे यंत्र आपल्यापैकी प्रत्येकाने वापरावे असे नाही. परंतु शालाक्यतंत्रातील सहकारी अथवा नेत्रतज्ज्ञ यांच्याकडे रुग्ण कोणत्या प्रश्नासाठी पाठवावा, हे आपणास ठाऊक असले पाहिजे.

संपूर्ण शरीरात विखुरलेल्या क्षयात दृष्टिपटलाखाली पिवळसर पांढरे, अस्पष्ट कडांचे लहान ठिपके दिसू शकतात. छातीचे चित्र संदिग्ध असताना हे ठिपके निदानास बळ देतात. एंडोकार्डायटिसमध्ये पांढरा मध्य असलेले रक्तबिंदू आढळतात. १८७२ मध्ये दृष्टिपटलावरील अशा विकृतींचे वर्णन करणाऱ्या रोथ यांच्या नावाने ते ओळखले जातात. मात्र ते मोजक्याच रुग्णांत दिसतात आणि रक्ताचा कर्करोग, तीव्र पांडू, मधुमेह यांतही आढळतात. एचआयव्हीबाधित रुग्णास डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगताना दिसू लागले, तर सायटोमेगॅलो विषाणूमुळे होणाऱ्या दृष्टिपटलशोथासाठी त्वरित तपासणी करावी. हा शोथ अंधत्व आणतो.

या परीक्षेचे मोल सर्वाधिक स्पष्टपणे दिसले ते मेंदूच्या मलेरियात. ज्या भागात मलेरिया सर्वत्र असतो, तेथे रक्तात परजीवी सापडला म्हणजे बेशुद्धीचे कारण तेच, असे सिद्ध होत नाही. आफ्रिकेतील मलावी देशात बालकांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शवविच्छेदन-अभ्यासात, मेंदूचा मलेरिया असे निदान झालेल्या ३१ बालकांपैकी ७ बालकांच्या मृत्यूचे कारण वेगळेच निघाले. खऱ्या मलेरियाचे रुग्ण इतरांपासून वेगळे ओळखू देणारे रुग्णशय्येजवळचे चिन्ह एकच ठरले : दृष्टिपटलावरील पांढुरके डाग, रक्तवाहिन्यांचा बदललेला रंग व रक्तबिंदू. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात काम करणाऱ्या वैद्यांनी ही बाब ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

बाहुली विस्फारण्याचे थेंब मात्र सरसकट वापरू नयेत. बेशुद्ध अथवा शिरोभिघाताच्या रुग्णात बाहुल्यांच्या बदलांवर लक्ष ठेवायचे असते. थेंबांमुळे ती खूण काही तास नाहीशी होते. काचबिंदूची प्रवृत्ती असणाऱ्यांत तीव्र वेदना व दृष्टिनाश ओढवू शकतो.

मर्यादा

नेत्रांतील चिन्ह दिशा दाखविते. निदान सिद्ध करीत नाही. रक्त, मूत्र, कल्चर व अन्य तपासण्यांची जागा ते घेऊ शकत नाही. दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे : चिन्ह दिसले नाही म्हणून व्याधी नाही, असा निष्कर्ष काढू नये. लेप्टोस्पायरोसिसच्या पुष्कळ रुग्णांत लाली नसते. जंतुजन्य मस्तिष्कावरणशोथाच्या आरंभी दृष्टिपटल सर्वस्वी प्राकृत असू शकते. मान ताठ व ज्वर तीव्र असताना डोळे स्वच्छ आहेत म्हणून थांबणे घातक ठरेल. त्याचप्रमाणे ज्वरासह लाल डोळा असताना, कारण निश्चित होण्यापूर्वी आश्च्योतन, अंजन वा स्टेरॉइडचे थेंब यांची योजना करू नये.

तत्काळ कोणास पाठवावे?

ज्वरासह पुढीलपैकी एकही गोष्ट आढळल्यास रुग्ण त्याच दिवशी सुसज्ज रुग्णालयात पाठवावा : स्रावरहित लालीसोबत पीतता, मूत्राल्पता, श्वासकष्ट वा थुंकीतून रक्त, नेत्रगोल पुढे येणे, हालचाल मर्यादित होणे वा दुहेरी दिसणे, अकस्मात दृष्टी कमी होणे, असमान बाहुल्या, पापणीच्या आतील रक्तबिंदू व हृदयविकाराचा इतिहास, प्रलाप किंवा ग्लानी. सोबतच्या चिठ्ठीत चिन्ह, ते प्रथम दिसल्याची वेळ आणि आपण दिलेली सर्व औषधे लिहावीत.

समारोप

माझ्या चिकित्सालयातील केसपेपरवर आता ज्वराच्या प्रत्येक रुग्णासाठी एक ओळ राखून ठेवली आहे : नेत्र – शोथ, लाली, स्राव, पीतता, रक्तबिंदू, बाहुली, गती, दृष्टी. आठही शब्दांपुढे 'आहे' अथवा 'नाही' किंवा 'प्राकृत' असे लिहिल्याशिवाय औषधाची चिठ्ठी लिहावयाची नाही, हा नियम स्वतःसच घालून घेतला आहे. गर्दीच्या दिवशी तो जाचक वाटतो. परंतु साथीच्या काळात दहा लाल डोळ्यांतील एक वेगळा डोळा ओळखण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही. वाचक वैद्यबंधू-भगिनींनी येत्या पावसाळ्यात ही ओळ आपल्या केसपेपरवर घालून पाहावी आणि आपले अनुभव संघटनेच्या बैठकीत अवश्य मांडावेत, ही नम्र विनंती.